बालकाचा पहिला धडा
कॅथॉलिक शाळेच्या आरंभीच्या इयत्तांचा संक्षिप्त इतिहास

जुबिलीच्या मंगल प्रसंगी देवळाची कोनशिला कोणी बसविली, घंटा कोठून आली, शाळेच्या खोल्या किती झाल्या, ह्यांचा हिशेब मांडण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. आणि तो योग्यच आहे. कारण ज्या पूर्वजांनी पोटास चिमटा घेऊन ह्या वास्तू उभारल्या, त्यांचे स्मरण न ठेवणे ही कृतघ्नता होय. परंतु त्या वास्तूंत पाऊल टाकणाऱ्या पाच-सहा वर्षांच्या बालकास प्रथम काय शिकविले गेले, हे बहुधा कोणी लिहून ठेवीत नाही. इमारतीची जमा-नावे वहीत सापडते. बालकाच्या अंतःकरणातील जमेची नोंद कोठेच नसते. वस्तुतः शाळेचा खरा इतिहास तोच आहे. यास्तव प्रस्तुत लेखात कॅथॉलिक शाळेच्या अगदी पहिल्या इयत्तांत, म्हणजे पाटी हाती घेतल्यापासून प्रथम ख्रिस्तप्रसाद मिळेपर्यंतच्या काळात, आपल्या महाराष्ट्र-गोमंतकातील मुले काय शिकत आली, ह्याचा मागोवा घेण्याचे योजिले आहे.

द्वारकेच्या चौकात मुंबई-आग्रा रस्ता व पुण्याकडे जाणारा रस्ता एकमेकांस भेटतात. सकाळच्या प्रहरी तेथे घटकाभर उभे राहिले, म्हणजे दप्तरांच्या ओझ्याने वाकलेली मुले चहूदिशांच्या शाळांकडे जाताना दिसतात. त्यांत आपलीही मुले असतात. ही मुले कोठे जातात हे आपणांस ठाऊक असते, शुल्क किती हेही पाठ असते. पण ती काय घेऊन परत येतात, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. पूर्वजांनी तो कसा विचारला व त्याचे उत्तर कसे दिले, हे पाहिल्यास आपणांसही काही बोध होईल.

घंटेची शाळा

आपल्या भागातील कॅथॉलिक बालशिक्षणाची कथा एका लहानशा घंटेपासून सुरू होते. संत फ्रान्सिस झेवियर इ. स. १५४२ च्या मे महिन्यात गोव्यास उतरले. राजदरबाराशी संबंध असलेला हा विद्वान पुरुष हाती घंटा घेऊन रस्त्यारस्त्यांतून हिंडे व मुलांस आणि दासदासींस गोळा करून देवळात नेई. तेथे क्रूसाची खूण, प्रभूची प्रार्थना, नमो मारिया, विश्वासांगीकार व दहा आज्ञा त्यांच्याकडून म्हणवून घेतल्या जात. इमारत नाही, बाक नाही, पाटी नाही. तथापि ती शाळाच होती.

पुढे दक्षिणेच्या मोतीकिनाऱ्यावर गेल्यावर झेवियर ह्यांनी दोन गोष्टी केल्या, त्या आपण ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली ही, की तेथील जाणत्या लोकांच्या साह्याने त्यांनी प्रार्थना त्या प्रांताच्या तमिळ भाषेत करवून घेतल्या आणि स्वतः पाठ केल्या. दुसरी ही, की जे शाळेत शिकाल ते घरी जाऊन आईबापांस व शेजाऱ्यांस शिकवा, अशी त्यांनी मुलांस आज्ञा केली. म्हणजे आरंभीच्या ह्या शाळेत मूल हे केवळ विद्यार्थी नव्हते; ते घराचे धर्मशिक्षकही होते. शाळा व घर ह्यांच्यामध्ये जाणारा हा पूल मुलाच्या मातृभाषेचा होता. भाषा परकी असती, तर शाळेतील धडा उंबरठ्यावरच थांबला असता.

ह्यानंतर गोमंतकात देवळालगत शाळा चालविण्याची रीत पडली. अक्षरओळख, लेखन, धर्माची शिकवण व गायन हे तेथील मुख्य विषय. गोव्याचा ख्रिस्ती मनुष्य सुरांचा जाणकार म्हणून जगभर ओळखला जातो, त्याचे मूळ देवळाच्या पडवीत बसून सूर घोकणाऱ्या ह्या बालकांपाशी आहे.

प्रश्नोत्तरांतून जन्मलेले पुराण

इंग्लंड देशी इ. स. १५४९ मध्ये जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स हे इ. स. १५७९ मध्ये गोव्यास आले आणि पुढील चाळीस वर्षे मुख्यतः सासष्टीच्या मुलुखात राहिले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ इ. स. १६१६ मध्ये रायतूर येथे छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठी सारस्वताचे भूषण म्हणून सर्व धर्मांचे विद्वान मानतात. परंतु ह्या ग्रंथाचे बीज बालवर्गात पडले, हे पुष्कळांस ठाऊक नसते. ग्रंथाच्या आरंभीच स्टीफन्स ह्यांनी हा प्रसंग सांगितला आहे. देवळात मुलांस धर्माची शिकवण दिली जात असता एक ब्राह्मण कुळातील ख्रिस्ती गृहस्थ पुढे आले व त्यांनी विनविले की, ही शिकवण चांगली खरी, पण आमची जुनी पुराणे सुटली. आता मनास गुंतवील असे नवे पुराण आम्हांस का देत नाही? ह्या विनंतीचे उत्तर म्हणजे ख्रिस्तपुराण.

ह्यातील मर्म सूक्ष्म आहे. मुलांस प्रश्नोत्तरे पाठ येत होती, आज्ञा मुखोद्गत होत्या. पण समोर उभ्या असलेल्या प्रौढ माणसास जाणवले की एवढ्याने पोट भरत नाही. प्रश्नोत्तरी हे हाड आहे; त्यावर कथेचे मांस व गीताचे रक्त हवे. स्टीफन्स ह्यांनी ते ओळखले आणि जी ओवी महाराष्ट्रातील माउली जात्यावर गाते, त्याच ओवीत उत्पत्तीपासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा गुंफली. देवनागरीचे खिळे त्या वेळी उपलब्ध नसल्यामुळे ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला, परंतु त्याचा आत्मा मराठी राहिला.

स्टीफन्स ह्यांनी मुलांस व नवख्रिस्ती जनांस उपयोगी पडावी म्हणून कोकणी भाषेत ख्रिस्ती शिकवणीचे एक संवादरूप पुस्तकही रचिले होते. ते त्यांच्या मृत्यूनंतर, इ. स. १६२२ मध्ये, रायतूर येथेच प्रसिद्ध झाले. ज्याने अकरा हजार ओव्या लिहिल्या त्याने बालकांसाठी लहान पुस्तक लिहिणे कमीपणाचे मानले नाही, ह्यात आजच्या पंडितांस शिकण्याजोगे पुष्कळ आहे.

भाषा हिरावली गेली तेव्हा

ह्या सुवर्णकाळावर लवकरच सावट आले. इ. स. १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढिले की, लोकांनी तीन वर्षांच्या अवधीत देशी भाषा टाकून पोर्तुगीज भाषा बोलावी. हे धोरण पुरते सिद्धीस गेले नाही, कारण भाषा फर्मानाने मरत नाही. तथापि देशी भाषेतील धर्मग्रंथांची जी समृद्ध परंपरा स्टीफन्स ह्यांच्या पिढीने उभी केली होती, ती पुढे क्षीण झाली. मुलाने शाळेत एका भाषेत देवाशी बोलावे आणि घरी दुसऱ्या भाषेत आईशी बोलावे, असा दुभंग जेथे पडतो तेथे देव हा घरातला राहत नाही. तो पाहुणा होतो. ह्या काळाचा हा धडा आपण विसरता कामा नये.

उत्तरेकडे वसई प्रांताची कथा निराळी. इ. स. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीज सत्ता व तिच्या आश्रयाने चाललेले मठ तेथून उठले. राजाश्रय गेला, शाळा बंद पडल्या. तरी वसईकर कॅथॉलिकांचा विश्वास मावळला नाही. देशी धर्मगुरूंनी तो सांभाळला आणि घराघरांतील वडीलधाऱ्यांनी तो मुलांच्या कानी घातला. शाळा नसतानाही पहिला धडा शिकविता येतो, मात्र घर जागे असले पाहिजे. हा वसईचा दाखला आहे. त्याच वसईच्या भूमीत जन्मलेल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी पुढे ‘सुबोध बायबल’ मराठीत आणिले, त्याबद्दल त्यांस साहित्य अकादमीचा अनुवादासाठीचा पुरस्कार लाभला आणि इ. स. २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. मातृभाषेत रुजलेले बी अडीच शतकांनीही फळ देते, ते असे.

एका रांगेत बसण्याचा धडा

आता घाटावर येऊ. जुन्या काळच्या पंतोजींच्या शाळेत मुले धुळाक्षरे गिरवीत, बाराखडी घोकीत, पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी म्हणत आणि मोडी वळण घटवीत. हे शिक्षण आपल्या परीने कसदार होते. परंतु त्या शाळेच्या ओसरीवर कोणी बसावे आणि कोणी अंगणाबाहेर उभे राहावे, हे जन्माने ठरलेले असे. इ. स. १८५६ मध्ये धारवाड येथील सरकारी शाळेत एका महार मुलास प्रवेश नाकारण्यात आला, तेव्हा हा प्रश्न थेट विलायतेपर्यंत गेला, आणि इ. स. १८५८ मध्ये सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींस खुल्या असाव्यात असे ठरले. ठराव झाला, पण गावोगावच्या ओसऱ्या उघडावयास पुष्कळ वर्षे लागली.

ह्या पार्श्वभूमीवर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगर जिल्ह्यात येशूसंघीय धर्मगुरूंनी जे कार्य आरंभिले, त्याचे मोल समजते. खेड्यात एक लहान खोली, तीत एक मास्तर, आणि समोर गावाने ज्यांस लांब ठेविले त्यांची मुले. तोच मास्तर सकाळी अक्षरे शिकवी, सायंकाळी प्रार्थना घेई, आणि फादर दौऱ्यावर आले म्हणजे त्यांच्यासमोर मुलांची परीक्षा देववी. मूळाक्षरे, अंकगणित, क्रूसाची खूण, भजन, स्वच्छता व शिस्त, असा हा अभ्यासक्रम. परंतु ह्या सर्वांआधी एक अलिखित धडा होता. सर्व मुले एकाच रांगेत बसत आणि मास्तर पाटी हातात घेऊन तपासीत. ज्या हाताचा स्पर्श इतरत्र विटाळ मानला जाई, त्या हातातील पाटी कोणी आनंदाने घेतो, हे त्या बालकाने प्रथम शाळेत पाहिले. सर्व मनुष्ये एकाच पित्याची लेकरे आहेत, हे प्रश्नोत्तरीतील वाक्य त्यास नंतर पाठ झाले. त्याचा अर्थ मात्र आधीच समजला होता.

ह्या शिकलेल्या मुलांस वाचावयास काहीतरी हवे, ह्या गरजेतून केंदळ येथे फादर हेन्री डोरिंग ह्यांनी इ. स. १९०३ मध्ये ‘निरोप्या’ मासिक सुरू केले. पुढे इ. स. १९०७ मध्ये तेच पुण्याचे बिशप झाले. महायुद्धाच्या काळात जर्मन धर्मगुरूंस हा देश सोडावा लागला, मिशनवर मोठे संकट आले. तरी खेड्यांतील मास्तरांच्या हाती पाटी-पेन्सिल चालूच राहिली आणि धर्माची ज्योत विझली नाही. आपल्या अनेक कुटुंबांचे आजे-पणजे त्याच रांगेत बसून शिकले आहेत.

ह्याच संदर्भात एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. शाळेतील रांग मोडली नाही, पण समाजातील भिंती ख्रिस्ती समाजाच्या अंगणातही कोठे कोठे उभ्या राहिल्या. विवाह जमविताना, पंगत बसविताना मूळ जातीची आठवण काढणारे आपल्यातही निघाले. पहिल्या इयत्तेत जे मूल शिकले ते मोठेपणी त्याच मुलाने विसरावे, ह्याहून शाळेचा मोठा पराभव कोणता?

नाशिकची साक्ष

आपल्या नाशिकलाही बालशिक्षणाचा एक विलक्षण वारसा आहे. चर्च मिशनरी सोसायटीचे प्रॉटेस्टंट बंधू इ. स. १८३२ मध्ये येथे आले आणि शतकाच्या मध्यास रेव्हरंड प्राइस ह्यांनी शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसविली. गुलामांच्या जहाजांतून सोडविलेली आफ्रिकन मुले तेथे आणून त्यांस लेखन, वाचन व हातचे कसब शिकविले जाई. त्यांपैकी जेकब वेनराइट हा तरुण पुढे सुप्रसिद्ध प्रवासी डॉक्टर लिव्हिंग्स्टन ह्यांच्या सोबतीस आफ्रिकेत गेला. इ. स. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन अरण्यात मरण पावले, तेव्हा त्यांचे हृदय जेथे पुरले तेथे अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती जेकबने, आणि जवळच्या वृक्षावर नाव व तारीख कोरली तीही जेकबनेच. पुढे शवाबरोबर तो लंडनपर्यंत गेला. नाशिकच्या पाटीवर गिरविलेली अक्षरे आफ्रिकेच्या वृक्षावर उमटली! पहिल्या इयत्तेतील दोन साध्या गोष्टी, वाचणे आणि प्रार्थना करणे, कोणत्या घटकेस कोणाच्या कामी येतील, हे शिक्षकास कधीच ठाऊक नसते.

आणि ह्याच नगरीत इ. स. १९३० च्या २ मार्च रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. देवापुढे माणूस माणसाच्या बरोबरीने उभा राहू शकतो की नाही, हा प्रश्न तेथे रस्त्यावर विचारला गेला. शाळेतील रांगेचा व मंदिराच्या दाराचा प्रश्न एकच आहे. ज्या नगरीने तो इतक्या तीव्रतेने अनुभविला, तेथील कॅथॉलिक शाळेने तो आपल्या बालवर्गातून कदापि पुसू देता कामा नये.

सातव्या वर्षाचा अधिकार

विसाव्या शतकाच्या आरंभी रोमहून दोन आज्ञापत्रे निघाली आणि त्यांनी बालवर्गाचे रूप पालटून टाकिले. पोप दहावे पायस हे एका खेड्यातील सामान्य कुटुंबात जन्मलेले होते. बालकांस धर्माचे अज्ञान किती बाधते, हे त्यांनी जवळून पाहिले होते. इ. स. १९०५ च्या एप्रिल महिन्यात त्यांनी आज्ञा दिली की, प्रत्येक धर्मग्रामात रविवारी व सणावारी मुलामुलींस एक तास धर्मशिक्षण दिलेच पाहिजे. पुढे इ. स. १९१० च्या ८ ऑगस्ट रोजी त्यांनी त्याहून मोठा निर्णय जाहीर केला. तोपर्यंत पुष्कळ देशांत मुलांस दहा, बारा, प्रसंगी चौदा वर्षांपर्यंत प्रथम ख्रिस्तप्रसादासाठी थांबावे लागे. पोप महोदयांनी सांगितले की, मूल विचार करू लागले, म्हणजे साधारण सातव्या वर्षाच्या सुमारास, त्यास प्रभूच्या मेजापासून दूर ठेवू नये. सगळी प्रश्नोत्तरी तोंडपाठ असण्याची आवश्यकता नाही. आपल्या शक्तीप्रमाणे श्रद्धेची मुख्य तत्त्वे त्यास कळावीत आणि साधी भाकर व ख्रिस्तप्रसाद ह्यांतील भेद त्यास ओळखता यावा, एवढे पुरे.

ह्या निर्णयाने पहिल्या व दुसऱ्या इयत्तेस एकाएकी मोठे महत्त्व आले. पूर्वी ज्या वर्गांत केवळ अक्षरे घटवून घेतली जात, तेथे आता आत्म्याची तयारी करावी लागणार होती. पाठांतराच्या जोडीस समज आली. चित्रे, कथा, गीते, भक्तीची साधी कृत्ये ह्यांस स्थान मिळाले.

त्याच सुमारास, इ. स. १९०७ च्या ६ जानेवारीस, रोम शहराच्या गरीब वस्तीत मारिया मॉन्टेसरी ह्या विदुषीने आपले पहिले बालगृह उघडिले. मॉन्टेसरीबाई कॅथॉलिक होत्या आणि मूल हे हातांनी शिकते, हे त्यांचे मुख्य सांगणे. स्पेनमधील बार्सिलोना येथे मुलांच्या उंचीस साजेल असे छोटे प्रार्थनामंदिर सजवून, मुलांच्या हातून गहू व द्राक्षे लावून, त्यांतूनच भाकरीचा व द्राक्षारसाचा अर्थ समजावून देण्याचा प्रयोग झाला. आम्ही तर द्राक्षांच्या जिल्ह्यात राहतो! वेलीची छाटणी, घडांचे भरणे, अवकाळी पावसाची धास्ती, हे येथील मुलास उपजत ठाऊक असते. ‘मी द्राक्षवेल आहे’ असे प्रभू म्हणाले, त्याचा अर्थ नाशिकच्या मुलास सांगताना परक्या चित्राची गरज ती काय? मॉन्टेसरीबाई इ. स. १९३९ मध्ये हिंदुस्थानात आल्या व महायुद्धाची वर्षे त्यांनी येथेच काढिली. आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक व पुढे अनुताई वाघ ह्यांनी इ. स. १९४५ पासून बोर्डी येथे बालवाडीचा जो प्रयोग केला, त्यात खेड्यातील वस्तूंतूनच शिक्षणाची साधने घडविली. मूल ज्या मातीत खेळते त्याच मातीतून त्याचा धडा घ्यावा, हे तत्त्व सर्वांनी मान्य केले आहे.

पाठांतर आणि उमज

येथे एक जुना वाद उपस्थित होतो. काही जण म्हणतात, पूर्वीची प्रश्नोत्तरी गेली म्हणून श्रद्धा ढिली झाली. दुसरे म्हणतात, पोपटपंचीने श्रद्धा वाढत नसते. आमच्या मते दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. बालवयात पाठ केलेली प्रार्थना मरणशय्येवरही ओठांवर येते, हा अनुभव कोणत्या घराने घेतला नाही? तेव्हा पाठांतरास हिणवू नये. परंतु शिक्षकाचे मन त्यात नसेल, तर ते पाठांतर कोरडे राहते. चवथ्या शतकाच्या अखेरीस कार्थेज येथील एका सेवकाने संत ऑगस्टिन ह्यांस विचारले होते की, तेच ते प्राथमिक धडे शिकविताना मला कंटाळा येतो, मी काय करू? संत ऑगस्टिन ह्यांनी त्यास एक संपूर्ण ग्रंथच लिहून पाठविला. त्याचे सार हे की, शिकविणाऱ्याचा आनंद हीच शिकवणीची पहिली अट होय. आजच्या प्रत्येक शिक्षिकेने हे वचन मनावर कोरून ठेवावे.

दुसरे उदाहरण फ्रान्समधील संत जॉन बॅप्टिस्ट दे ला साल ह्यांचे. सतराव्या शतकात तेथे मुलांस वाचन प्रथम लॅटिनमध्ये शिकविण्याची रीत होती. ला साल ह्यांनी ती मोडून गरिबांच्या मुलांस आधी त्यांच्या फ्रेंच भाषेत वाचावयास शिकविले. त्या वेळी हे धाडस होते. गरिबाचे मूल शाळेत थोडी वर्षे टिकते. त्या अवधीत जे कळत नाही ते शिकविणे म्हणजे त्याचा काळ व्यर्थ दवडणे होय, असा त्यांचा साधा विचार होता. हेच ला साल इ. स. १९५० मध्ये सर्व शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित झाले.

स्वतंत्र भारतातील शाळा

स्वातंत्र्यानंतर शाळेचे स्वरूप पालटले. इ. स. १९५० च्या २६ जानेवारीस अमलात आलेल्या राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांस आपल्या शिक्षणसंस्था स्थापून त्या चालविण्याचा हक्क दिला. त्याचबरोबर अठ्ठाविसाव्या कलमाने असे बंधन घातले की, सरकारमान्य अथवा अनुदानित शाळेत कोणासही त्याच्या, व तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाच्या, संमतीवाचून धर्मशिक्षणास बसविता येणार नाही. हे बंधन न्याय्यच आहे. श्रद्धा ही सक्तीने द्यावयाची वस्तू नव्हे. आपल्या शाळांत सर्व धर्मांची मुले येतात आणि त्यांच्या आईबापांनी आपल्यावर टाकलेला विश्वास हे आपले भूषण आहे. म्हणून शाळांनी मार्ग काढिला: कॅथॉलिक मुलांस धर्मशिक्षण व इतरांस नीतिशिक्षण. खरे बोलणे, चूक कबूल करणे, डबा वाटून खाणे, पडलेल्यास उठविणे, हे दोन्ही वर्गांतील समान धडे.

तथापि ह्याचा एक परिणाम आपण नीट पाहिला पाहिजे. जुन्या खेड्यातील शाळेत अक्षर व प्रार्थना एकाच मास्तराच्या हातून मिळत. आता पुष्कळ ठिकाणी धर्मशिक्षण रविवारच्या एका तासापुरते उरले. व्हॅटिकन धर्मपरिषदेने इ. स. १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषेस वाव दिला आणि आपली मिस्सा मराठीत होऊ लागली. इ. स. १९६५ मध्ये त्याच परिषदेने शिक्षणाविषयीच्या घोषणेत स्पष्ट सांगितले की, मुलांचे पहिले व मुख्य शिक्षक त्यांचे आईबाप होत. पुढे इ. स. १९८७ च्या १५ मे रोजी नाशिक हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला व येशूसंघीय थॉमस भालेराव हे पहिले बिशप लाभले. देऊळ आपल्या भाषेत बोलू लागले, धर्मप्रांत आपल्या दारी आला. आता प्रश्न उरला तो घराचा.

आजचा प्रश्न

इ. स. २००० पासून महाराष्ट्रात पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले, आणि त्याहीपूर्वीपासून आपली पुष्कळ कुटुंबे मुलांस इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालू लागली होती. ह्यात दोष नाही. ज्यांच्या आज्यास गावच्या शाळेच्या ओसरीवर बसू दिले नाही, त्यांनी नातवास जगाची भाषा द्यावी, ह्याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु ह्या आनंदाच्या पोटात एक हानी लपलेली आहे. मूल शाळेत इंग्रजीत प्रार्थना शिकते. घरी आजी मराठीत जपमाळ म्हणते. मुलास आजीचे शब्द कळत नाहीत, आजीस मुलाचे. सायंकाळच्या प्रार्थनेच्या वेळी मूल मुकाट बसते, आणि पुढे पुढे त्या वेळी घरात प्रार्थनाच होत नाही. संत फ्रान्सिस झेवियर ह्यांनी मुलास घराचा शिक्षक केले होते. आपण त्याच मुलास घरात परके करीत आहो. १६८४ साली फर्मानाने जे करावयाचे होते, ते आज कोणाच्याही फर्मानावाचून आपण आपल्या हातांनी करू नये.

मराठी शिकविण्याची सक्ती करणारा कायदा इ. स. २०२० मध्ये महाराष्ट्रात झाला, त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे पाचव्या इयत्तेपर्यंत मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले, इ. स. २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु कायदा पुस्तक देतो, प्रार्थना देत नाही. ती आईबापांनीच दिली पाहिजे.

यास्तव जुबिलीच्या ह्या वर्षी आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक घराने चार साध्या गोष्टींचा संकल्प करावा, अशी आमची नम्र सूचना आहे. पहिली, मूल कोणत्याही माध्यमात शिकत असो, क्रूसाची खूण, प्रभूची प्रार्थना, नमो मारिया व विश्वासांगीकार त्यास मराठीतही तोंडपाठ असावेत. दुसरी, रविवारच्या धर्मशिक्षणाच्या तासास शिकवणी वर्गाइतके तरी महत्त्व द्यावे. शिकवणीस उशीर चालत नाही, मग ह्यास का चालावा? तिसरी, आठवड्यातून एकदा आजी-आजोबांनी नातवंडांस पवित्र ग्रंथातील एक कथा आपल्या शब्दांत सांगावी. ख्रिस्तपुराणाचा जन्म अशाच मागणीतून झाला होता. आणि चवथी, मुलाने शाळेतील कोणत्याही सोबत्याची जात, वस्ती वा बापाचा धंदा विचारून मैत्री ठरवू नये, हे त्यास घरातील वागणुकीतून दिसावे; कारण एका रांगेत बसण्याचा धडा हा आपल्या शाळांचा सर्वांत जुना व सर्वांत महाग धडा आहे. तो आपल्या पूर्वजांनी अपमान सोसून विकत घेतला आहे.

दरवर्षी फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेस दूरदूरचे भाविक लोटतात. त्या मंदिरात ज्याची मूर्ती पूजिली जाते तो देवाचा पुत्र असूनही नासरेथच्या घरी मरियामातेच्या मांडीवर पहिली अक्षरे व पहिली स्तोत्रे शिकला, आणि तीही आपल्या घरच्या बोलीत. शाळा उत्तम असाव्यात, शिक्षक तळमळीचे असावेत, इमारती भक्कम असाव्यात. परंतु जगाच्या तारणाऱ्यासही पहिला धडा आईनेच दिला, हे आपल्या प्रत्येक आईने व प्रत्येक बापाने ध्यानी धरावे. दयाघन प्रभू आपल्या धर्मग्रामातील बालकांस ज्ञान, सद्गुण व श्रद्धा ह्यांचे वरदान देवो, आणि त्यांस शिकविणाऱ्या सर्वांवर त्याचा आशीर्वाद सदैव राहो.